मऊ कातड्याचं पवित्र शास्त्र

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. चर्चच्या मंडळीत कोणी विचारलं, "गुरुजी, शास्त्रांची परीक्षणं का बंद केलीत?" की मी डोळ्यांकडे बोट दाखवायचो. मोतीबिंदू होता हे खोटं नव्हतं. पण ऑपरेशन झालं, बारीक अक्षरंही दिसायला लागली, तरी मी डोळ्यांकडेच बोट दाखवत राहिलो. खरं कारण भीती. विसरवाडीला हायवेच्या कडेला आमचं घर आहे. आजही दारासमोर मोटारसायकल थांबली, इंजिन बंद झालं आणि लगेच कोणी हाक मारली नाही, की मी हातातला कप खाली ठेवून कान देतो. बहुतेक वेळा कोणीतरी फोन घ्यायला थांबलेलं असतं. तो बोलून निघून जातो. मी मात्र बराच वेळ तसाच बसून राहतो.

आयुष्यभर शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर हा पुस्तकांचा नाद लागला. आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्नात नवरानवरीला, आणि नव्या पाळकाला दीक्षेच्या दिवशी, चामडी बांधणीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, भेट देतात. पूर्वी जे मिळेल ते आणत. फोनवरून मागवायची सोय झाली आणि महागडी शास्त्रं खोक्यांतून दारात यायला लागली. काळी, तांबडी, सोनेरी कडांची, आत रेशमी फिती. वर 'अस्सल चामडं' छापलेलं असे आणि पहिल्याच उन्हाळ्यात वरचा थर पापडासारखा सुटे. लोक ती घेऊन माझ्याकडे येत. "गुरुजी, बघा बरं, फसलो का?"

बघता बघता मला त्यातलं कळायला लागलं. माझी तपासणी ठरलेली होती. शास्त्र उत्पत्तीच्या, म्हणजे त्यातल्या अगदी पहिल्या पुस्तकाच्या, पहिल्या पानावर उघडून टेबलावर ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. दोऱ्याची नीट शिवण असेल तर पान तसंच पडून राहतं. नुसतं डिंकावर चिकटवलेलं असेल तर पुस्तक हळूच स्वतःला मिटून घेतं. मग पान उजेडाकडे धरायचं. कागद पातळ असतोच, पण आपल्या अक्षरांना शिरोरेषा असतात. मागच्या पानाच्या शिरोरेषा पुढच्या दोन ओळींच्या बरोबर मधोमध उमटल्या, तर वाचणाऱ्याचे डोळे दर ओळीला अडखळतात. चांगला छापणारा पुढची आणि मागची ओळ एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसवतो. मग कडा. पानं थोडी वाकवली की सोन्याखालून लाल रंग झळकला पाहिजे. नुसतं सोनं बोटांना लागतं आणि उपासना संपेपर्यंत पांढऱ्या सदऱ्यावर येतं. फीत पुस्तकाच्या खाली दोन बोटं तरी लोंबली पाहिजे, नाहीतर धरायची कुठे? शेवटी कातडं. हात फिरवायचा, वास घ्यायचा, कोपरा दुमडलेला असतो तिथे नखाने हलकेच उचलून पाहायचं.

आधी मी हे मंडळीच्या मासिकात लिहीत असे. मग माझ्या बायकोने सुचवलं की फोनवर दाखवा, लोकांना वाचण्यापेक्षा बघायला आवडतं. शूटिंग तीच करायची. "अहो, पोट आत घ्या, शास्त्राच्या पुढे येतंय," ती फोनमागून म्हणायची आणि ते तसंच व्हिडिओत जायचं. लोक हसायचे, पण बघायचे.

त्याच काळात मी परदेशी माणसांचे असले व्हिडिओ बघायला लागलो. त्यांचं सगळं इंग्रजी कळत नसे, पण मोठमोठी शास्त्रं ते हातात कशी घेतात, कशी वाकवतात, ते कळायचं. आपल्याकडे आंब्याचं नाव जसं घेतात तसं ते कातड्याचं नाव घेत. साधं कातडं, मग बोकडाचं, मग वासराचं. वासराचं म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. मला तो आवाज फार आवडला होता. आरशापुढे मी तसं बोलून पाहिलं नाही एवढंच.

माझ्या वडिलांचं जुनं शास्त्र होतं. पाठ निखळलेली, स्तोत्रसंहितेच्या पुढची पानं सुटी. ते मी तालुक्याच्या बाजारपेठेत एका उस्तादांकडे बांधायला दिलं. मुसलमान कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या बांधणीचं काम. दुकान म्हणजे एक ओटा आणि आत अंधारी खोली. एका फळीवर कुराण, तिच्या बाजूला पोथ्या, खाली आमची शास्त्रं, सगळ्यांच्या पाठी सारख्याच वाळत पडलेल्या. उस्ताद माझ्याहून थोडे लहान असतील. तोंडात सुपारी आणि स्वतःच्या कामाचा भारी अभिमान. कोणाचंही दुसऱ्याकडून बांधून घेतलेलं पुस्तक दिसलं की म्हणायचे, "हाई कोनी शिवं? चांभारनी का दरजीनी?"

शास्त्र तयार झाल्याचा निरोप आला तसा गेलो. त्यांनी फडक्यातून काढून माझ्या हातात ठेवलं. गडद तपकिरी, पाठीवर चार उंचवटे, कातडं पानांच्या बाहेर जरासं झुकलेलं. मी टेबल शोधायला लागलो.

"वट्टावर ठेवा नं," ते म्हणाले.

मी ओट्यावर उत्पत्तीचं पहिलं पान उघडलं आणि हात काढला. पान हललं नाही.

"आते हात फिरवा गुरुजी. काय लागस?"

"लोण्यासारखं."

"बोकडनं शे. मी इस्तरी फिराईसन दाना दाबी टाका." त्यांनी मागचं आवरण उघडून आतला दुमडलेला कोपरा मला दाखवला. "आठे इस्तरी जात नही. आठे दखा."

कोपऱ्यात कातड्याचा दाणा तसाच होता, केसांच्या बारीक भोकांच्या रांगा स्पष्ट. बोकडाचंच कातडं. माझ्यासारख्यालाही शंका राहू नये इतकं.

"जित्ता व्हता तवय त्यानावर कोनी इतला हात फिराया नही," उस्ताद म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

त्या आठवड्यात मी व्हिडिओ केला. एका बाजूला लग्नासाठी कोणीतरी मागवलेलं महागडं शास्त्र, दुसऱ्या बाजूला वडिलांचं. महागड्याने स्वतःला मिटून घेतलं, वडिलांचं उघडं राहिलं. मी रंगात आलो. उस्तादांचं शास्त्र उचललं, वाकवलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "हे वासराचं कातडं. परदेशात सर्वांत वरच्या प्रतीला वापरतात ते. आणि हे काम आपल्या तालुक्यातल्या उस्तादांचं आहे." पुढे दुकान कुठे आहे तेही सांगितलं, कोणत्या चौकातून वळायचं तेही.

बायकोने फोन खाली घेतला. "उस्ताद तर बोकडाचं म्हणाले होते ना?"

"बोकडाचं म्हटलं की लोकांना मटण आठवेल," मी म्हणालो. ती हसली. माझ्या त्या विनोदावर मी स्वतःही हसलो होतो, हे लिहिलं पाहिजे.

मला कळत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं, डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी बोललो, कारण बोकडाचं हा शब्द मला माझ्या वडिलांच्या शास्त्रासाठी लहान वाटला. आणि कोण बघणार? मंडळीतले थोडे लोक, पाळकांचे पाहुणे. ते तर कातडं बघत नाहीत, माझं पोट बघतात.

व्हिडिओखाली माझा नंबर दिलेला असे. काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "काका, ते वासराचं कातडं कुठे मिळतं?"

मला वाटलं, गिऱ्हाईक आहे. मी उत्साहाने दुकानाचा रस्ता पुन्हा सांगितला. पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं, बरं. एवढंच विचारायचं होतं." नंतर दुसरा फोन. मग तिसरा, त्याने काही विचारलंच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. संध्याकाळी माझ्या जुन्या विद्यार्थ्याने मला तोच व्हिडिओ पाठवला. पूर्ण नव्हे. फक्त माझा हात, कातडं आणि 'वासराचं' एवढा तुकडा, खाली दुकानाचा पत्ता आणि शिव्या. तो कुठून कुठे फिरत होता, कोणाला ठाऊक.

मी माझा मूळ व्हिडिओ काढून टाकला. त्याने उलटंच झालं. लोक म्हणायला लागले, काढला म्हणजे खरं असणार. मूळ व्हिडिओत निदान माझं पोट तरी होतं, म्हातारा माणूस बडबडतोय हे तरी दिसत होतं. आता नुसतं कातडं उरलं.

मी दाराला दिवसाही कडी लावायला लागलो. फोन बंद करून तांदळाच्या डब्याच्या मागे ठेवला. बायको म्हणाली, "फोनला काय भूत लागलंय का? बोकडाला बोकड म्हणायला काय लागतं तुम्हाला? पुन्हा एक व्हिडिओ करा." मी म्हणालो, करू. केला नाही. आमची मंडळी लहान. रविवारी आत काय चालतं हे आधीच लोक कंपाउंडवरून वाकून बघतात. त्यात माझं नाव यायला नको, मंडळीचं नाव यायला नको, असं मी तिला समजावलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण मला काळजी मंडळीची नव्हती. मी माझी कातडी वाचवत होतो.

मग एका दुपारी उस्ताद स्वतः आले. बसने. दारात उभे राहिले तेव्हा घामाने सदरा पाठीला चिकटला होता. बायकोने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"गुरुजी, तुम्ही मन्हं कवतिक कयं का मन्हं पोट कापं?"

मी म्हणालो, "उस्ताद, माझ्या तोंडून निघून गेलं."

"तोंडातून निंघनं, ते मन्हा दुकानवर ई पडनं. पोऱ्हं येतस, दुकानसामने उभा ऱ्हातस. काही बोलतस नही. घरमालक म्हनस, खोली खाली करी द्या." त्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "मी सांगस बोकडनं शे. मन्हं कोन आयकस? तुम्ही या. पुस्तक लई या, कोपरा दखाडा. जे तोंडघाई बोलनात तेच तोंडघाई सांगी द्या. बस."

किती साधी गोष्ट होती. एक कोपरा नखाने उचलून दाखवायचा.

"उद्या येतो," मी म्हणालो.

"जातील ते," बायको म्हणाली. "नाही गेले तर मी घेऊन येते पुस्तक."

"भाभी, तुम्हीच या मंग, गुरुजीसले ठेवा घर," उस्ताद म्हणाले. जाताना दारात ते तेवढं तरी हसले.

दुसऱ्या दिवशी मी शास्त्र फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि बसला बसलो. खिडकीजवळ जागा मिळाली तरी मी आतल्या बाजूला सरकलो. रस्त्यावरून कोणी बघू नये म्हणून. स्टँडवर उतरलो. चौकापर्यंत चालत गेलो. उस्तादांचं दुकान तिथून दिसतं.

आरडाओरडा असता तर कदाचित मी कमी घाबरलो असतो. तिथे आवाजच नव्हता. दुकानाच्या दाराची एक फळी उघडी होती. कातड्याचे तुकडे, पुठ्ठे, दोऱ्यांच्या गुंड्या रस्त्यावर पडल्या होत्या, आणि पाचसहा जण त्यांच्याभोवती उभे होते. एक जण फोनने त्या तुकड्यांचं शूटिंग करत होता, जसं माझी बायको करायची तसं, जवळ नेऊन, सावकाश. उस्ताद ओट्यावर बसले होते. हात मांडीवर ठेवून.

चौकाच्या कोपऱ्यावर रसवंती होती. मी तिच्या ताडपत्रीखाली उभा राहिलो. पिशवी छातीशी धरलेली. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती. मी स्वतःला सांगत होतो, ही घुंगरं थांबली की दुकानाकडे निघायचं. ती थांबली. गिऱ्हाईक आलं, पुन्हा सुरू झाली.

त्या जमावातला एक तरुण रस प्यायला आला. स्वच्छ कपडे, कपाळावर घाम. माझ्याकडे बघत राहिला.

"काका, तुम्ही ते व्हिडिओवाले गुरुजी का? चामड्यातलं कळतं ते?"

त्याचा आवाज सभ्य होता. माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याचा असावा तसा. त्या सभ्यपणानेच मी पिशवी आणखी घट्ट धरली. पिशवीत शास्त्र होतं. दोन पावलं पुढे व्हायचं, फडकं सोडायचं, कोपरा दाखवायचा. तो पोरगा कदाचित बघून म्हणालाही असता, अरे हो, बोकडाचं दिसतंय. मला आता वाटतं, म्हणालाच असता.

"नाही हो," मी म्हणालो. "मला चामड्यातलं काही कळत नाही."

"त्यांच्या जुन्या व्हिडिओत तुमच्यासारखेच दिसतात पण."

"म्हातारे सगळे सारखेच दिसतात."

तो हसला. रसवाल्याला म्हणाला, "यांनाही एक दे रे. ऊन काय आहे." आणि त्याने ग्लास माझ्या हातात दिला.

मी तो प्यायलो. रस चांगला होता, आलं-लिंबू घातलेला. ग्लास तोंडाला असतानाच माझी नजर समोर गेली. उस्ताद माझ्याकडे बघत होते. माझी पिशवी, माझा ग्लास, बाजूला उभा तो तरुण, सगळं त्यांना दिसत होतं. त्यांनी नुसती हाक मारली असती, 'गुरुजी' एवढंच म्हटलं असतं, तर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या असत्या आणि मी सापडलो असतो. मी त्या हाकेची वाट बघत होतो.

उस्तादांनी मान खाली घातली. खाली पडलेली एक दोऱ्याची गुंडी पायाने जवळ ओढली आणि ती गुंडाळत बसले.

मी ग्लास ठेवला आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागलो. पळालो नाही, पळायचीही भीती वाटत होती.

घरी बायकोने विचारलं, "दाखवला कोपरा?"

"दाखवला."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणणार. बोकडाचंच आहे म्हणाले."

तिला खरं कधी कळलं मला माहीत नाही. बाजाराच्या गावी तिचंही जाणंयेणं आहे. एवढंच, की त्यानंतर तिने माझ्या हातात शास्त्र दिसलं तरी फोन उचलला नाही, आणि मीही म्हटलं नाही. पुढे कोणीतरी ते तुकडे तपासायला पाठवले म्हणे, आणि बोकडाचंच निघालं म्हणे. ते मात्र कोणी फिरवलं नाही. तोवर उस्तादांनी खोली सोडली होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. प्लास्टिकची, चामड्यासारखी दिसणारी.

वडिलांचं शास्त्र मी आता रोज वाचतो. एक शिष्य भीतीने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो, ती पानं सोडून वाचतो. पुस्तक म्हणून सांगायचं तर ते उत्तम टिकलं आहे. पाठ सैल झाली नाही, एकही शिवण सुटली नाही. पावसाळ्यात महागड्या शास्त्रांना बुरशी येते, याला आली नाही. हाताच्या तेलाने रंग गडद झालाय, कातड्याने असंच म्हातारं व्हावं. ज्या परीक्षणात मी खोटं बोललो, त्यात बाकी सगळं खरं होतं.

गेल्या हिवाळ्यात कळलं की उस्ताद सीमेपलीकडे गुजरातेत हायवेला एका गॅरेजजवळ मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवतात. जाऊ का नको करत होळी आली. मग एक दिवस शास्त्र पिशवीत घातलं. बायकोने विचारलं नाही. फक्त पिशवीची गाठ सैल होती ती तिने घट्ट बांधून दिली.

बसमध्ये मी काय बोलायचं ते पाठ करत होतो. शाळेत तपासणी यायची तेव्हा पोरं करायची तसं.

उस्ताद मशीनवर वाकले होते. दाढी पूर्ण पांढरी. मला बघून त्यांनी पाय थांबवला, चश्मा वर केला.

"या गुरुजी. बठा." जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेलो होतो. "गाडी ली का काय? सीट फाटी गई का?"

"नाही. हे आणलंय." मी फडकं सोडलं.

त्यांनी हात पँटला पुसले आणि शास्त्र घेतलं. आधी पाठ बघितली, मग कडा, मग गुडघ्यावर ठेवून उत्पत्तीवर उघडलं आणि हात काढून घेतला. पान हललं नाही. त्यांचा चेहरा त्या क्षणी पूर्वीचा झाला, ओट्यावरचा. मग त्यांनी मागचं आवरण उघडलं, दुमडलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"कोपरा उठना नही," ते म्हणाले. "दखा, अजून उठना नही."

"नाही उठला," मी म्हणालो. "सपाट उघडतं. शिवणही…"

त्यांनी शास्त्र माझ्यापुढे धरलं. डोळ्यांत थोडी गंमत होती, थोडं दुसरंही काही होतं. "आते सांगा गुरुजी. कसानं कातडं शे?"

हे सांगायलाच मी आलो होतो. पण बाकावर दोन अनोळखी माणसं आपल्या सीटची वाट बघत बसली होती. त्यातल्या एकाने मान वर केली होती. हातात फोन होता. बघत काहीही असेल तो, क्रिकेट बघत असेल. मला रसवंतीची घुंगरं ऐकू आली.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

उस्तादांनी शास्त्र तसंच पुढे धरून ठेवलं. मग मान हलवली. "चांगलं," ते म्हणाले. शास्त्र फडक्यात गुंडाळलं, माझ्यापेक्षा नीट, आणि माझ्या हातात दिलं. चहा मागवू का म्हणाले. मी बस आहे म्हणालो. ते पुन्हा मशीनवर वाकले.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड केलं, शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि ते सगळं म्हटलं. बोकडाचं आहे उस्ताद. मला तेव्हाही माहीत होतं, तुम्ही कोपरा दाखवला होता. मी त्या दिवशी आलो होतो, पुस्तक पिशवीत होतं, आणि तुम्ही मला पाहूनही हाक मारली नाहीत. मला माफ करा.